पहिल्या रांगेतल्या नळ्या

वहिनीने भट्टीतून ट्रे बाहेर ओढला आणि नळ्यांकडे बघण्याआधी दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. मग तिने दिवा खाली ओढला, पहिल्या रांगेतली नळी हातमोज्याच्या दोन बोटांत धरली आणि सावकाश फिरवली.

जोडाभोवती तेच वळं होतं. मधे पिवळट, कडेला निळसर. शेजारच्या नळीलाही तसंच. मागच्या रांगा मात्र लख्ख.

"वाटलंच होतं," ती म्हणाली.

"काय वाटलं होतं?"

तिचा दीर दारात उभा होता. रबरी एप्रन, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि तोंडावर ते कायमचं हसू. आत्ता, एवढ्यात तो तिथे नव्हता, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"पुन्हा डाग. पुढच्याच रांगेत."

तो आत आला नाही. उंबऱ्यावरूनच मान लांब करून त्याने बघितलं, आणि तिला वाटलं, हा नळ्यांपेक्षा माझ्याकडेच जास्त बघतोय.

"तुमची भट्टी माणसं ओळखते, वहिनी," तो म्हणाला. "पुढे बसणाऱ्यांनाच छळते. आमच्या मास्तरांचं बरोबर उलटं होतं."

ती हसली नाही. तो एप्रनला हात पुसत निघून गेला. त्याची पावलं वळणापर्यंत गेल्याची खात्री झाल्यावरच तिने ती नळी परत जागेवर ठेवली.

अणुभट्टीत इंधनाच्या गोळ्या ज्या नळ्यांमध्ये भरतात, त्या नळ्यांचं हे युनिट. इंधन इथे यायचंच नाही. रिकाम्या नळ्या, त्यांची तोंडं बंद करणारी बुचं, आणि दोघांना जोडणारं वेल्डिंग, एवढाच कारभार. वेल्डिंग झालं की जोडाजवळचा धातू आतून ताणलेला राहतो. तो ताण काढायला नळ्या वहिनीच्या भट्टीत जायच्या. आतली हवा पुरती ओढून घ्यायची, मग सावकाश तापवायचं आणि त्याहून सावकाश निववायचं. त्यानंतर वाफेची चाचणी. चांगला जोड वाफेतून काळाभोर, चकचकीत होऊन येतो. भट्टीत डाग पडलेला असेल तर त्या जागी पांढरं पीठ धरतं. पीठ धरलेली नळी खऱ्या कामाला लागली तर तिथूनच खाल्ली जाणार, हे युनिटमधल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

भट्टीआधीची सफाई दिराकडे. वेल्डिंग होऊन आलेल्या नळ्या आम्लातून काढायच्या, धुवायच्या, सुकवायच्या आणि झाकणाच्या रॅकमध्ये उभ्या करायच्या. संध्याकाळी तो रॅक वहिनीच्या ताब्यात द्यायचा. ताबा दिला की त्याने नळीला बोट लावायचं नाही. पण सफाईच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे, त्यामुळे सकाळी दार उघडणार तोच.

तो तिला वहिनी म्हणायचा म्हणून सगळं युनिट तिला वहिनी म्हणू लागलं, आणि ती त्याला भाऊजी म्हणायची म्हणून तोही सगळ्यांचा भाऊजी झाला. साहेबसुद्धा भर बैठकीत "भाऊजी, आम्लाचं काय झालं?" असं विचारायचे. नोकरीच्या जागी सासर असलेली मी एकटीच, असं वहिनी पूर्वी हसून सांगायची. हल्ली सांगत नव्हती.

बिनसलं ते भट्टीवरून. जुना भट्टीवाला निवृत्त झाला तेव्हा जागेसाठी दोघांनीही अर्ज केला होता. जागा तिला मिळाली. भाऊजी त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला होता, "घरची चूल त्यांची, इथली भट्टीही त्यांची. आता मला थंडी वाजली तर विचारूनच शेकावं लागणार." सगळे पोट धरून हसले. वहिनीही हसली, आणि घरी जाऊन त्या वाक्याचा कीस पाडत बसली. तो बोलला ते गमतीने बोलला की मनातलं बोलला? आधी तिला गंमत वाटली. मग वाटेना.

त्यानंतर काही दिवसांतच पहिले डाग आले. आख्ख्या ट्रेला. साहेबांनी भट्टीच्या दाराचं रबरी कडं काढून बघितलं, ते चिरलेलं निघालं. तिथून हवा आत शिरत असणार, असं म्हणून त्यांनी नवं कडं बसवून घेतलं. पण डाग थांबले नाहीत. मागच्या रांगा सुधारल्या, पुढच्या दोन-तीन नळ्यांना वळं पडतच राहिलं. वहिनीने हिशेब मांडला. कडं बदललं तरी डाग आहेत, म्हणजे दोष कड्याचा नव्हताच. कड्याचा नाही म्हणजे माणसाचा.

आणि माणूस कोण, हे तिने कडं बदलायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

खरं सांगायचं तर तिने नुसतं ठरवलं नव्हतं, सापळाही लावला होता. सकाळी वेणी घालताना फणीत अडकलेले लांबसे दोन-तीन केस ती कागदाच्या पुडीत घालून कामावर आणायची. संध्याकाळी ताबा घेताना "मोजून घेते" म्हणून खोलीत मागे राहायची. भाऊजी एप्रन उतरवायला गेला की रॅकच्या पहिल्या रांगेतल्या नळ्यांना, बुचाच्या जोडाशी जी बारीकशी खाच असते तिथे, एकेक केस गुंडाळायची. तेल लावलेला केस बसवला तिथे बसतो, सुटत नाही. कोणी नळी उचलली, पुसली, नुसती फिरवली तरी तो हलणार. मागच्या रांगांपर्यंत हात पोहोचायला वेळ लागायचा, म्हणून पहिलीच रांग. ट्रेमध्येही नळ्या याच क्रमाने लागायच्या.

खोलीत केस आणायचा नाही, हा नियम तिला माहीत नव्हता असं नाही. डोक्यावर टोपी घातल्याशिवाय तिथे साहेबांनाही प्रवेश नव्हता. पण सकाळी ती स्वच्छ चिमट्याने केस काढून घ्यायची. मागे काही राहणार नाही, आणि राहिलंच तर भट्टीची हवा ओढताना तेही ओढलं जाईल, अशी तिने मनाची समजूत घातली होती. भट्टीवर तिचा फार विश्वास होता. माणसांवर कमी.

केस मात्र रोज जिथल्या तिथे असायचा. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, चला, कोणी हात लावत नाही. वहिनीला वेगळंच दिसलं. हा इतका पोचलेला आहे की आपलं काम करून केस परत होता तसा बसवतो. आणि डाग नेमके केस बांधलेल्या नळ्यांनाच पडतात, म्हणजे मला खिजवतोय. मला सगळं कळलंय, असं सांगतोय.

एका संध्याकाळी घरी जेवताना तर तिची खात्रीच पटली. घर दोन मजल्यांचं. खाली ती आणि सासूबाई; नवरा लांबच्या प्रकल्पावर, महिन्यातून एकदा घरी यायचा. वर भाऊजी एकटाच राहायचा. लग्न केलं नव्हतं, जेवायला खाली यायचा. त्या दिवशी पाण्याचा तांब्या पुढे सरकवत तो सहज म्हणाला,

"वहिनी, तुमचे केस हल्ली फार गळतात हो."

तिचा घास हातातच राहिला.

"तुम्हाला कुठे दिसले?"

"दिसतात इकडेतिकडे." तो ताटात बघत होता. "जपा जरा. नको तिथे पडतात."

"वयच झालं तिचं आता," सासूबाई म्हणाल्या. "माझे तर तिच्या वयाला निम्मे गेले होते."

भाऊजी हसला. वहिनीने मान वर केली नाही. केवढा निर्लज्जपणा, तिला वाटलं. आईसमोर बसून मला टोमणे मारतोय. ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

पुढच्या वाफेच्या चाचणीत पहिल्या रांगेतल्या नळ्यांवर पांढरं पीठ धरलं. साहेबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवून तिच्याकडे बघितलं. साहेब स्वभावाने बरे, पण वरून दट्ट्या आला की समोरच्याला नाव विचारायचे.

"वहिनी, दोनच शक्यता. तुमची भट्टी, नाहीतर सफाई. भट्टी बिघडली असती तर सगळ्याच नळ्या गेल्या असत्या. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय?"

"स्पष्ट बोला."

"घरचं माणूस आहे साहेब. मी कोणाचं नाव घेणार नाही." तिने पदर सारखा केला. "पण खोलीची किल्ली माझ्याकडे नसते, एवढंच सांगते."

नाव घेतलं नाही म्हणून तिला बरं वाटलं होतं, हे नंतर तिच्या फार दिवस लक्षात राहिलं.

भाऊजीची बदली भंगाराच्या गोदामात झाली. कापलेल्या नळ्या, रद्द झालेली बुचं, पत्र्याचे तुकडे. धूळ इतकी की हातमोजे घालून फायदा नाही. ज्याने आयुष्यभर नळीवर बोटाचा ठसा राहू दिला नाही, त्याला तिथे पाठवलं. हुकूम मिळाला त्या संध्याकाळी तो खाली आला. जेवायला बसला नाही. दाराशी उभा राहून म्हणाला,

"वहिनी, मी काही केलेलं नाही. आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

सासूबाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. वहिनी डब्याचं झाकण लावत होती.

"असेल," ती म्हणाली.

तो आणखी काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. तो वर गेला. दुसऱ्या दिवसापासून जेवायलाही येईना.

आणि नळ्या स्वच्छ यायला लागल्या. पहिली रांग, मागची रांग, सगळ्या. वाफेतून काळ्याभोर, चेहरा दिसावा इतक्या चकचकीत. भाऊजी नाही म्हटल्यावर वहिनीला पहाऱ्याची गरज उरली नव्हती. केसांची पुडी तिने टाकून दिली. साहेबांनी तो ट्रे मुद्दाम बैठकीत फिरवला. "आता पुराव्याची गरज आहे का?" ते म्हणाले. वेल्डरने फक्त एक सुस्कारा टाकला. तो आणि भाऊजी कित्येक वर्षं एका डब्यात जेवायचे.

वहिनी खूश होती. लपवायचं कशाला, ती मनातून चांगलीच खूश होती. आपली भट्टी निर्दोष, आपला संशय खरा. फक्त घरी वाढताना तिचा हात चुकून तिसऱ्या ताटाकडे जायचा, आणि सासूबाई विचारायच्या,

"तो वर काय खातो ग?"

"करतात काहीतरी."

"तुमच्यात काय झालंय?"

"काही नाही. कामाचं आहे."

सफाईला नवी बाई आली. भांडारातून बदलून आलेली, जाड चष्म्याची, कमालीची अबोल. ताबा देताना ती फक्त मान हलवायची. वहिनीला ते खटकायला लागलं. भाऊजी बोलायचा म्हणून त्याच्या मनात काहीतरी होतं. ही बोलत नाही म्हणजे हिच्याही मनात काहीतरी असणारच. एकदा ती बाई रॅकचं झाकण दोनदा उघडून बघताना दिसली. झालं. दुसऱ्या संध्याकाळी वहिनीने नव्या पुडीतून एक केस काढला. या वेळी पहिली रांग नको, ओळखू यायला नको, म्हणून रॅकच्या मध्यावरची एक नळी निवडली. सकाळी केस जागच्या जागी होता. चिमट्याने काढला, ट्रे भरला, भट्टी लावली.

ट्रे बाहेर आला तेव्हा सगळ्या नळ्या लख्ख होत्या. मध्यावरची एक सोडून.

वहिनीने दिवा खाली ओढून ते वळं बघितलं. जिथे केस होता, तिथेच. केसाने जेवढा वेढा घेतला होता, तेवढंच. तिने आधी नव्या बाईला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. ते जमेना. मग तिने आणखी एक केस पुडीत घातला.

तिने आणखी एकदा करून बघितलं. खात्री करायला नाही, खोटं ठरावं म्हणून. नळ्या स्वतः धुतल्या, स्वतः सुकवल्या, काहीतरी निमित्त सांगून खोलीची किल्ली मागून घेतली आणि घरी उशाखाली ठेवली. एका नळीला केस, बाकीच्यांना नाही. भट्टी निवेपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली. मग दार उघडलं.

एका नळीला वळं होतं. बाकीच्यांना नव्हतं.

तेल. केसाचं तेल. तिने चिमट्याने केस काढला होता, तेल तिथेच राहिलं होतं. सुरुवातीचे डाग खरंच त्या चिरलेल्या कड्याचे होते. साहेबांनी कडं बदललं त्या दिवशी ते संपले होते. पुढचे सगळे तिने स्वतःच्या हाताने, रोज संध्याकाळी, मन लावून बांधले होते. आणि भाऊजी गेल्यावर तिने केस बांधणं सोडलं, म्हणून नळ्या स्वच्छ आल्या, म्हणून तो चोर ठरला.

तिने ती नळी कापडात गुंडाळून पिशवीत घातली. साहेब वरच्या ऑफिसात गेले होते, ते उद्या भेटणार होते. बरं झालं, तिला वाटलं. आधी त्याला सांगायला हवं.

ती घरी आली, चपला काढल्या आणि सासूबाईंशी न बोलता जिना चढली. दिवस मावळत आला होता. वरचं दार उघडंच होतं. भाऊजी मोरीपाशी एकटं ताट घासत होता. आधी आतून, मग बाहेरून, मग कडेने, नळ्या धुवायचा तसाच. शर्टाच्या बाह्यांना गंजाचे डाग होते. तिला बघून त्याने नळ बंद केला.

"या वहिनी. बसा."

ती बसली नाही.

"डाग माझ्यामुळे पडत होते भाऊजी," ती म्हणाली. "कोणी हात लावतंय का ते कळावं म्हणून मी नळ्यांना केस गुंडाळून ठेवत होते. त्याच्या तेलाने पडत होते. आज कळलं."

तो ताट पुसत होता. पुसून झालेलं ताट त्याने पुन्हा पुसलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"केस. सकाळी खोली मीच उघडायचो ना. पहिल्यांदा वाटलं, चुकून पडला असेल. मग जवळ जाऊन बघितलं. खाचेत इतका नीट बसवलेला केस चुकून पडत नाही. आणि ज्यांना केस, त्यांनाच डाग. मला कळायला किती वेळ लागणार?"

"मग काढून का नाही टाकलात?"

"ताबा तुमचा होता. मी नळीला हात लावावा, हेच तर तुम्हाला हवं होतं."

जेवतानाचं ते बोलणं तिला आठवलं. केस फार गळतात. नको तिथे पडतात. तो टोमणा नव्हता. थांबा म्हणून सांगत होता तो, आईला कळू न देता.

"साहेबांना सांगायचं होतंत," तिच्या तोंडून कसंबसं निघालं.

"काय सांगू? माझी सख्खी वहिनी मला घालवायला नळ्यांना केस बांधते?" त्याचा आवाज चढला नव्हता. "आपलं घर आहे. दादाला काय तोंड दाखवलं असतं मी? तुमचं नाव गेलं असतं. माझं काय, मी एकटा माणूस."

"तुम्हाला घालवायला नाही हो." ती एकदम एक पाऊल आत आली. "तुमच्यावर माझा संशय होता, ते खरं. ते मी नाकारत नाही. पण केसाने डाग पडतो, हे मला माहीत नव्हतं. उद्या सकाळी साहेबांकडे जाते, ही नळीच ठेवते त्यांच्यासमोर."

"भट्टी काढून घेतील तुमच्याकडून."

"घेऊ देत. पण तुम्हाला खरं वाटलं पाहिजे भाऊजी. मला खरंच माहीत नव्हतं."

त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने ताट फळीवर उभं केलं, फडकं झटकलं आणि त्याची नीट घडी घातली.

"असेल," तो म्हणाला.

खालून सासूबाईंनी हाक मारली, जेवायचं वाढू का म्हणून. वहिनी वळली. जिन्यात अंधार झाला होता. मागून भाऊजीने जिन्याचा दिवा लावला, आणि ती खालच्या पायरीवर पोहोचेपर्यंत तो दारातच उभा होता.